अंडाशयातली गाठ: वाट किती पाहायची, दुसरं मत कधी घ्यायचं

सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या बाईशी त्या खोलीत फारसं कुणी बोलत नाही. पोटावर गार जेली, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, आणि डॉक्टर बोलतात ते शेजारी कीबोर्डवर बसलेल्या मुलीशी. “राइट ओव्हरी. फोर पॉइंट सिक्स बाय फोर पॉइंट वन. इंटर्नल एकोज.” मुलुंडहून दादरपर्यंत मी लिटरभर पाणी पिऊन, लघवी रोखून, लोकलमध्ये उभ्यानं आले होते. ते सगळं विसरले आणि छताकडे बघत ते आकडे पाठ करत राहिले.

त्याच संध्याकाळी एका डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, “गाठ मोठी आहे, काढून टाकू. पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा.” दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, “अशा गाठी येतात आणि जातात, काळजी करू नका.” दोघांनी एकच कागद वाचला होता. पाकिटातली फिल्म कुणीच बाहेर काढली नव्हती. आपल्याकडे ‘सेकंड ओपिनियन’ म्हणतात ते पुष्कळदा असंच असतं. पहिल्यानं लिहिलेल्या शब्दांवर दुसऱ्याचं मत मिळतं, पण गाठीकडे पुन्हा कुणी बघितलेलंच नसतं. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे विचारून, वाचून, समजून घेतलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

दर महिन्याची पिशवी

मराठीत ‘गाठ’ म्हटलं की घरातले आवाज खाली येतात. आपल्या आई-मावश्यांनी हा शब्द जपून, भीत भीत वापरला. सिस्ट म्हणजे मात्र पाण्यानं किंवा दाट द्रवानं भरलेली पिशवी. आणि पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात अशी एक पिशवी जवळजवळ दर महिन्याला तयार होतच असते. तिला फॉलिकल म्हणतात. तिच्यात अंडं वाढतं, ती दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की फुटते, अंडं बाहेर पडतं. उरलेल्या भागाला कॉर्पस ल्युटियम म्हणतात. तो काही दिवस प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवतो आणि आकसून जातो. म्हणूनच पाळी चालू असलेल्या बाईच्या रिपोर्टात ३ सेंटिमीटरपर्यंतची साधी पिशवी दिसली, तर तिला सिस्टसुद्धा म्हणू नये असं रेडिओलॉजीचे जाणकार सांगतात. तरीही अनेक रिपोर्टांत ती ‘सिस्ट’ म्हणून छापून येते आणि एखादं घर आठवडाभर जेवत नाही.

कधी ही पिशवी फुटायची राहते आणि वाढत जाते, ती फॉलिक्युलर सिस्ट. कधी कॉर्पस ल्युटियममध्ये रक्त उतरतं, ती हेमरेजिक सिस्ट. माझी ही दुसरी होती. पडद्यावर तिच्या आत मासेमारीच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, गोठलेल्या रक्ताच्या. कागदावर त्याचं ‘इंटर्नल एकोज’ एवढंच होतं, आणि वाचणाऱ्याला ‘आत काहीतरी आहे’ असं वाटतं. या दोन्ही प्रकारच्या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मुंबईतल्या कितीतरी दवाखान्यांत घडते. अशी गाठ विरावी म्हणून तीन महिने गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या जातात. या गोळ्या अंडं तयार होणं थांबवतात, त्यामुळे नव्या फॉलिक्युलर गाठी कमी होतात हे खरं. पण आधीच झालेली गाठ त्यांनी लवकर जात नाही, हे अभ्यासांमधून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. गोळ्या संपल्यावर गाठ गेलेली दिसते, तेव्हा बहुतेक वेळा ती तशीही जाणारच होती.

पीसीओडी हे याहून वेगळं प्रकरण आहे. नावात ‘सिस्ट’ असलं तरी तिथे मोठी गाठ नसते. २ ते ९ मिलिमीटरची पुष्कळ छोटी फॉलिकल्स अडकून बसलेली असतात आणि मूळ बिघाड हार्मोन्सचा असतो. त्यावर गाठ काढण्याचं ऑपरेशन हा उपाय नाही.

न जाणाऱ्या गाठीही असतात. एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारामुळे होणारी चॉकलेट सिस्ट, जिच्यात जुनं रक्त पाघळलेल्या चॉकलेटसारखं साठतं. डर्मॉइड, जिच्यात चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतात. हे ऐकून बायका हादरतात, पण ही गाठ बहुधा निरुपद्रवी असते आणि फार हळू वाढते, वर्षाला सरासरी दोनेक मिलिमीटर. तिसरी सिस्टॅडेनोमा, पातळ किंवा चिकट पाण्याची, जी कधीकधी खूपच मोठी होते. या तिन्ही वर्षभर थांबलं तरी तिथंच असतात. त्यामुळे ‘गाठ गेली नाही’ म्हणजे ‘गाठ वाईट आहे’ असा अर्थ होत नाही. आधी गाठीची जात ओळखायची, मग थांबायचं की काढायचं ते ठरवायचं.

रिपोर्टातले शब्द

सगळ्यांची नजर आकड्यावर जाते. आकडा महत्त्वाचा आहे, पण गाठीचं रूप त्याहून महत्त्वाचं. ‘ॲनएकोइक’, ‘युनिलॉक्युलर’, ‘थिन वॉल’ हे शब्द दिसले तर एक कप्पा, आत स्वच्छ पाणी, पातळ भिंत. ही सगळ्यांत साधी गाठ. ‘सेप्टा’ म्हणजे आतले पडदे. पातळ एक-दोन पडदे असले म्हणून घाबरायचं कारण नाही. ‘सॉलिड कॉम्पोनन्ट’ म्हणजे भरीव भाग आणि ‘पॅपिलरी प्रोजेक्शन’ म्हणजे आतल्या भिंतीवर उगवलेले कोंब. हे दोन शब्द आले, आणि सोबत त्या भागात रक्तप्रवाह दिसतो असं लिहिलं असेल, तर प्रकरण नीट तपासायलाच हवं. पोटात पाणी झालं असेल, म्हणजे ‘असायटिस’, तर दिरंगाई नको.

‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ या शब्दाबद्दल मला राग आहे. हेमरेजिक गाठही कॉम्प्लेक्स, डर्मॉइडही कॉम्प्लेक्स आणि कॅन्सरही कॉम्प्लेक्स. रिपोर्टात एवढंच असेल तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं यासाठी ओ-रॅड्स नावाची पद्धत आणली. गाठीला ० ते ५ गुण देतात. ० म्हणजे तपासणी अपुरी, १ म्हणजे सामान्य अंडाशय. २ असेल तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ असेल तर १ ते १० टक्के, ४ असेल तर १० ते ५० टक्के, ५ म्हणजे निम्म्याहून जास्त. आता मुंबईतल्याही काही सेंटरांच्या रिपोर्टांत हा आकडा दिसतो. दिसला नाही तर सोनोलॉजिस्टना विचारायला हरकत नाही: “डॉक्टर, ही कोणत्या प्रकारची गाठ वाटते?”

मापाची एक साधी गफलतही टाळा. एका सेंटरला ४६ मिलिमीटर लिहितात, दुसऱ्याला ४.६ सेंटिमीटर. माझ्या सासूबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून “दहापट वाढली की गं!” म्हणून डोळ्यांना पदर लावला होता. शिवाय मोजणारा हात बदलला की दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, त्याला वाढ म्हणत नाहीत. उलट ४ सेंटिमीटरची गाठ खरोखर ५ झाली, तर आतलं पाणी जवळजवळ दुप्पट झालेलं असतं.

आता सीए-१२५ ही रक्ततपासणी. ३५ च्या वर आकडा गेला की लॅब तो ठळक छापते आणि घरात कॅन्सरचं नाव निघतं. पण एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, पाळी, गरोदरपण, पोटाचा टीबी, या सगळ्यांत तो वाढतो. टीबी आपल्या शहरात किती आहे, हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे, अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचा हा आकडा नॉर्मल असतो. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईची साधी गाठ असेल तर ही तपासणी करूच नये, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं म्हणणं आहे. चाळिशीच्या आतल्या मुलीची गाठ गुंतागुंतीची दिसली तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या वेगळ्या तपासण्या लागतात, कारण त्या वयात होणारे ट्यूमर वेगळ्या जातीचे असतात.

पाळी गेल्यावर हिशेब बदलतो. तिथे सीए-१२५ उपयोगाचा आहे, पण एकटा नाही. सोनोग्राफीतले गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करतात. त्याला आरएमआय म्हणतात आणि २०० हा उंबरठा धरतात. सोनोग्राफीत एकही वाईट खूण नसेल तर शून्य, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी गेलेली असेल तर ३, चालू असेल तर १. म्हणजे दोन खुणा, पाळी गेलेली आणि सीए-१२५ साठ: ३ गुणिले ३ गुणिले ६०, ५४० झाले. हा आकडा आला की कॅन्सरच्या ऑपरेशनांची सवय असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जायचं.

वाट पाहणं

डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले की आपल्याला वाटतं, काही करतच नाहीत. मलाही तसंच वाटलं होतं. पण ‘दीड-दोन महिन्यांनी, पाळी संपल्यावर लगेच, याच सेंटरला पुन्हा सोनोग्राफी’ असं कुणी सांगितलं, तर तो उपचाराचाच भाग आहे. ‘काळजी करू नका, बघू’ याला मात्र उपचार म्हणता येत नाही. थांबण्याला तारीख हवी, आणि त्या तारखेला काय दिसलं तर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, जायचं कारण सोपं आहे. उशिरा गेलात तर त्या महिन्याचं नवं कॉर्पस ल्युटियम पडद्यावर दिसतं आणि जुनी गाठ गेली की तीच आहे, याचा घोळ होतो.

ब्रिटनच्या त्याच कॉलेजच्या २०११ आणि २०१६ च्या मार्गदर्शक सूचना अशा: पाळी चालू असलेल्या बाईची साधी, पाण्याची गाठ ५ सेंटिमीटरहून लहान असेल तर बहुतेक वेळा पुन्हा तपासायचीही गरज नाही. ५ ते ७ असेल तर वर्षातून एकदा सोनोग्राफी. ७ च्या वर गेली तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार, कारण एवढी मोठी गाठ सोनोग्राफीत पूर्ण नीट दिसत नाही. पाळी गेलेल्या बाईची एका बाजूची, एका कप्प्याची, ५ हून लहान साधी गाठ आणि सीए-१२५ नॉर्मल असेल, तर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि वर्षभर बदल नसेल तर पाठपुरावा थांबवायचा.

२०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसलेल्या गाठी न काढता १९१९ बायकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. साधारण पाचातल्या एकीची गाठ आपोआप गेली. कॅन्सर निघाला तो हजारात चार जणींना, आणि गाठीला पीळ पडला तोही हजारात चार जणींनाच. मला या आकड्यांनी खरा धीर दिला. फक्त एक अट विसरायची नाही: तिथे गाठ ‘निरुपद्रवी’ ठरवणारे डोळे सरावलेले होते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे तसं नव्हतं. दीड वर्षात तीन वेगवेगळ्या सेंटरांचे तीन रिपोर्ट, तिन्हींत ‘कॉम्प्लेक्स सिस्ट, फॉलोअप’. तीन डॉक्टरांनी ते कागद वाचून थांबायला सांगितलं. शेवटी ती फक्त स्त्रियांच्या सोनोग्राफीत मुरलेल्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी खालून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली, वीस मिनिटं घेतली, आणि भिंतीवरचा कोंब व त्यातला रक्तप्रवाह दाखवला. ऑपरेशननंतर ‘बॉर्डरलाइन’ ट्यूमर निघाला, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधला. आज ती ठणठणीत आहे. माझ्या बाबतीत नेमकं उलट घडलं. त्याच डॉक्टरांनी माझ्या गाठीतली जाळी दाखवली, सात आठवड्यांनी बोलावलं, आणि तेव्हा उजवीकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या मताची वेळ

गाठ सापडली म्हणून लगेच चार डॉक्टर फिरू नका. त्यानं चार मतं होतात आणि झोप जाते. दुसरं मत घ्यावं ते निर्णयाच्या वळणावर. पूर्ण अंडाशय काढायचं म्हणतात आणि तुमची पाळी चालू आहे, तेव्हा घ्या. फक्त गाठ सोलून काढून अंडाशय वाचवता येईल का, हे तिथे विचारायचंच. पहिल्याच सोनोग्राफीवर, दुखत नसताना, आठवड्याभरात ऑपरेशन सांगितलं तर घ्या. रिपोर्टात भरीव भाग किंवा कोंब असून कुणी ‘बघू’ म्हणत असेल तर घ्याच. सुईनं पाणी काढून टाकू असं कुणी सुचवलं तरी घ्या. साधी गाठ सुईनं रिकामी केली तरी पुष्कळदा पुन्हा भरते, आणि गाठ संशयास्पद असेल तर सुई लावणं धोक्याचं आहे. कॅन्सर असलेली गाठ पोटात फुटली, तर पहिल्या टप्प्यातही आजाराची पायरी वाढते. अशा गाठीचं पहिलंच ऑपरेशन योग्य हातून व्हावं लागतं, ते याचसाठी. परळचं टाटा मेमोरियल किंवा मोठ्या रुग्णालयांतले गायनॅक-ऑन्कॉलॉजी विभाग हे त्याचं ठिकाण.

चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन सांगितलं असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर तो स्वतंत्र प्रश्न आहे. ही गाठ सोलताना भोवतालची निरोगी अंडीही जातात. आधी एएमएच तपासून अंड्यांचा साठा किती आहे ते बघावं आणि वंध्यत्वावर काम करणाऱ्या डॉक्टरांशी एकदा बोलावं. ‘लग्न झालं की सगळं नीट होईल’ असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना थोपवा. लग्नानं गाठ जात नाही. अविवाहित मुलीची खालून सोनोग्राफी करायची की नाही, हे तिला विचारूनच ठरवावं. पोटावरून नीट दिसलं नाही तर एमआरआयचा पर्याय असतो.

एका प्रसंगी मात्र दुसरं मत शोधायचं नाही. एका बाजूला अचानक कळ आली, उलट्या सुरू झाल्या, उभं राहवत नाही, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. केईएम, सायन, नायर, कूपर, जवळचं जे असेल त्याच्या कॅज्युअल्टीत जायचं. काळंनिळं पडलेलं अंडाशयही पीळ सोडवला की अनेकदा जगतं. पाळी चुकलेली असताना दुखत असेल तर नळीतल्या गर्भाची शंका असते, तीही तातडीचीच बाब आहे.

मत कसं घ्यायचं, तर डोळे बदलून. त्याच कागदावर दुसरी सही घेण्यापेक्षा, शक्य असेल तर अनुभवी सोनोलॉजिस्टकडून पुन्हा सोनोग्राफी, नाहीतर निदान फिल्म आणि सीडी उघडून बघायला लावायची. पहिल्या डॉक्टरांचं मत लपवू नका. “त्यांनी हे सांगितलं, तुम्हाला ही कोणत्या जातीची गाठ वाटते, आणि तीन महिने थांबलो तर काय धोका?” एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडा होतो. पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून आपल्याकडच्या बायका गप्प बसतात. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क नोंदवलेला आहे, आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार कागदपत्रं मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी लागतात. माझ्या पहिल्या डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी नवा रिपोर्ट शांतपणे वाचला आणि म्हणाले, “बरं झालं, थांबलात.”

माझी मावशी गिरगावात राहते, वय ६१. तिची गाठ ३.८ सेंटिमीटर, एक कप्पा, स्वच्छ पाणी, सीए-१२५ बारा. घरचे म्हणाले, या वयात गर्भाशय-अंडाशय ठेवून काय करायचंय, सगळंच काढून टाका. आम्ही दोघी कामा हॉस्पिटलच्या रांगेत बसून तो गुणाकार केला: शून्य गुणिले ३ गुणिले १२. केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, ‘चार महिन्यांनी सोनोग्राफी’. तिनं सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावले आहेत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्यांखाली, लाल पेनानं ती तारीख लिहिली आहे.